तुमचं मॉडेल तुमच्याविना चाललं पाहिजे: बायोमॉडेल्सवर पहिलं मॉडेल ठेवताना

शोधनिबंधांच्या शेवटी एक वाक्य नेहमी भेटतं: ‘मागणी केल्यास मॉडेल उपलब्ध करून दिलं जाईल.’ मीही ते एकदा लिहिलं होतं. निबंध छापून तीन वर्षं झाल्यावर एका विद्यार्थिनीने खरंच मागणी केली. जुना लॅपटॉप काढला, फोल्डर उघडलं. आत चार फाईली: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सरांना पाठवलेलं’ आणि ‘सरांना पाठवलेलं दुरुस्त’. चौघींची तोंडं चार दिशांना, आणि छापलेली आकृती एकीतूनही निघेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर आठवलं, की ती आकृती काढताना एका पॅरामीटरची किंमत स्लायडर सरकवून बदलली होती आणि नंतर फाईल सेव्हच केली नव्हती. ती किंमत किती होती ते मला आजही माहीत नाही.

असं होणारा मी एकटा नाही, एवढाच काय तो दिलासा. बायोमॉडेल्स ही जैविक मॉडेल्स सगळ्यांसाठी जतन करून ठेवणारी ऑनलाईन रिपॉझिटरी. तिच्या चमूने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसिद्ध झालेली ४५५ गणिती मॉडेल्स त्यांनी निबंधांतल्या माहितीवरून पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. ४९ टक्के मॉडेल्स उभी राहिली नाहीत. दुरुस्त्या करून, मूळ लेखकांना विचारून आणखी १२ टक्के जमली. ३७ टक्के शेवटपर्यंत जमली नाहीत. कारणं वाचली तर हसावं की रडावं कळत नाही: पॅरामीटरची किंमत दिलेली नाही, सुरुवातीची संहती दिलेली नाही, समीकरण आणि आकृती यांचा मेळ नाही. विज्ञान चुकलं असं फार कमी ठिकाणी असावं. बहुतेक ठिकाणी उतरवून घेणंच राहून गेलेलं.

पेशीतल्या रासायनिक क्रियांचं, जनुकांच्या नियंत्रणाचं किंवा चयापचयाचं मॉडेल बनवणाऱ्या आणि ते रिपॉझिटरीत ठेवायची पहिलीच वेळ असलेल्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. विकलक समीकरणांवर चालणारं मॉडेल मी गृहीत धरतोय. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच मॉडेल घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

उदाहरण: तीन जनुकांचं रिंगण

२००० साली मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी ‘नेचर’मध्ये ‘रेप्रेसिलेटर’ मांडला. ई. कोलाय या जिवाणूत तीन जनुकांचं रिंगण केलं. लॅक-आय हे प्रथिन टेट-आरचं जनुक दाबतं, टेट-आर हे सी-वनचं दाबतं आणि सी-वन परत लॅक-आयचं दाबतं. प्रत्येकजण पुढच्याचा गळा धरून उभा. त्यातून प्रथिनांचं प्रमाण लयीत कमीजास्त होत राहतं, आणि जिवाणूत घातलेलं हिरवं चमकणारं प्रथिन त्या तालावर उजळतं, मंदावतं. एका फेऱ्याला काही तास लागतात, म्हणजे जिवाणूच्या विभाजनापेक्षाही जास्त वेळ.

मॉडेल छोटं आहे. तीन एमआरएनए आणि तीन प्रथिनं, अशी सहा समीकरणं. बायोमॉडेल्समध्ये त्याचा क्रमांक ‘बायोएमडी’ या अक्षरांनंतर ००००००००१२ असा आहे. पुढे वाचण्याआधी ते उतरवून घ्या आणि एकदा चालवून बघा. लागणारं कोपासी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

पहिली पायरी: संगणक बंद, वही उघडी

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक पॅरामीटरची एक ओळ: नाव, किंमत, एकक, आणि ही किंमत आली कुठून. हा शेवटचा रकाना भरताना घाम फुटतो. ‘अमुक निबंधातून घेतली’, ‘आमच्या प्रयोगातून’, ‘आकृती जुळेपर्यंत बदलत राहिलो’ यांपैकी जे खरं असेल ते लिहा. तिसरं उत्तर लिहायची लाज वाटते, पण पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. कोणत्या किमतीला हात लावायला मोकळीक आहे, हे त्यावरून कळतं.

एककांपाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गाडी इथेच घसरते. रेप्रेसिलेटरच्या निबंधात एमआरएनएचं अर्धायुष्य २ मिनिटं आणि प्रथिनाचं १० मिनिटं दिलंय. मॉडेलला मात्र ऱ्हासाचा दर लागतो. नवशिका मुलगा पटकन १ भागिले २ करतो आणि ०.५ टाकतो. अर्धायुष्यापासून दर काढताना वर १ नसतो, २ चा नैसर्गिक लॉगरिदम असतो, म्हणजे ०.६९३. बरोबर दर मिनिटाला ०.३४७, आणि प्रथिनासाठी ०.०६९. ०.५ टाकलं की एमआरएनए ४४ टक्के जास्त वेगाने संपतो. मॉडेल तरीही चालतं, चूक दाखवणारा एकही लाल संदेश येत नाही, उत्तर तेवढं चुकतं. त्याच निबंधात जनुकावरून एमआरएनए तयार होण्याचा वेग मात्र सेकंदात आहे: जनुक मोकळं असताना सेकंदाला ०.५ प्रत, पूर्ण दबलेलं असताना ०.०००५. एकाच समीकरणात मिनिटं आणि सेकंद नांदायला लागली की संपलं. मिनिटांत यायचं तर ३० आणि ०.०३. तक्त्यात मूळ किंमत आणि बदललेली किंमत, दोन्ही लिहा. गुणाकार कुठे केला ते दुसऱ्याला दिसलं पाहिजे.

आता सुरुवातीच्या किमती, म्हणजे शून्याव्या मिनिटाला कोण किती होतं. ‘त्याने काय फरक पडतो, शेवटी लय तीच येणार’ असं म्हणून लोक हा रकाना सोडून देतात. रेप्रेसिलेटरमध्ये हे करून बघा. सहाही घटक शून्यावर ठेवा आणि चालवा. तीन प्रथिनांच्या तीन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात, वर चढतात आणि सपाट होतात. लय नावालाही नाही. कारण साधं आहे. तिन्ही जनुकांचे पॅरामीटर सारखे आणि सुरुवातही सारखी असेल, तर पुढे जाणार कोण आणि मागे राहणार कोण? गणितात तिघेही कायम एकत्रच चालतात. खऱ्या पेशीत रेणूंची नैसर्गिक धडपड ही बरोबरी मोडते, समीकरणात ती धडपड नसते. म्हणून बायोमॉडेल्सवरच्या फाईलमध्ये टेट-आरच्या एमआरएनएचे २० रेणू सुरुवातीला ठेवलेत, बाकी सगळे शून्य. ती एक संख्या निबंधातून गळली असती, तर वाचणाऱ्याला सपाट रेषा मिळाली असती, आणि त्याने मॉडेललाच नावं ठेवली असती.

दुसरी पायरी: सगळ्यांना वाचता येईल अशी फाईल

तुमचं मॉडेल मॅटलॅबमध्ये असेल, पायथनमध्ये असेल, क्वचित एक्सेलमध्येही असेल (बघितलंय). ती फाईल ठेवाच, पण सोबत एसबीएमएल हवं. क्रिया, घटक, पॅरामीटर, एककं हे सगळं ठरलेल्या साच्यात लिहिण्याची ही सामायिक भाषा. २००० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये तिचं काम सुरू झालं, आणि २००३ साली तिच्यावरचा मुख्य निबंध आला. आज शेकडो सॉफ्टवेअर ती वाचतात. माझ्या मते मोठा फायदा वेगळाच आहे: मॅटलॅबच्या कोडमध्ये मॉडेल, प्लॉटिंग आणि तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता या सगळ्याची खिचडी असते, आणि एसबीएमएलमध्ये मॉडेल तेवढं उरतं.

ती फाईल हाताने लिहायची नसते. कोपासीमध्ये नवं मॉडेल उघडा. आधी एककं ठरवा: वेळ मिनिटांत, आणि रेप्रेसिलेटरसारखं रेणू मोजणारं मॉडेल असेल तर प्रमाणाच्या एककात हॅशचं चिन्ह निवडा, म्हणजे संख्या. हे विसरलं की कोपासी तुमचे २० रेणू मिलिमोल समजून बसतं. मग घटक भरा, मग क्रिया. जनुकातून एमआरएनए तयार होण्याची क्रिया लिहिताना बाणाच्या उजवीकडे एमआरएनए येतो, आणि ती क्रिया दाबणारं प्रथिन अर्धविरामानंतर येतं. तो अर्धविराम म्हणजे ‘हा वापरला जात नाही, पण याचं म्हणणं ऐकलं जातं’. दाबणारं प्रथिन चुकून बाणाच्या डावीकडे टाकलं, तर प्रत्येक क्रियेत त्याचा एक रेणू खर्च होतो. ही चूक मी दर वर्षी नव्या बॅचमध्ये एकदा तरी बघतो.

सगळं झालं की फाईल मेन्यूतून एसबीएमएल एक्स्पोर्ट करा. कोपासीची स्वतःची फाईलही सांभाळा, पण ती कोपासीपुरतीच. मग एसबीएमएलच्या ऑनलाईन व्हॅलिडेटरमधून फाईल काढा. एककांबद्दल तो ढीगभर सूचना देतो. त्या वाचायचा कंटाळा येतो, तरी वाचा. मिनिट-सेकंदाचा घोळ निस्तरायची ती शेवटची संधी.

नावांबद्दल एक गंमत. एसबीएमएलमध्ये प्रत्येक घटकाला दोन नावं असतात. एक यंत्रासाठी, त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. दुसरं माणसासाठी, तिथे युनिकोडमधलं काहीही चालतं. म्हणजे ‘लॅक-आय प्रथिन’ असं नाव देवनागरीत लिहिता येतं आणि कोपासीत ते व्यवस्थित दिसतंही. वर्गात शिकवताना मी देतो. जगासाठी ठेवायच्या फाईलमध्ये मात्र इंग्रजी नाव ठेवा, तुमची फाईल उघडणारा बहुधा मराठी वाचणारा नसेल. आणि ‘एक्स वन’, ‘एक्स टू’ अशी नावं देवनागरीत काय, कुठल्याच लिपीत नकोत.

तिसरी पायरी: आकृती पुन्हा काढणे

मॉडेल म्हणजे समीकरणं. निबंधातली आकृती म्हणजे ती समीकरणं अमुक मिनिटं, अमुक पद्धतीने, अमुक किमती बदलून चालवल्याचा परिणाम. दुसरी गोष्ट एसबीएमएलमध्ये मावत नाही. तिच्यासाठी सेड-एमएल नावाचा वेगळा साचा आहे. कोणतं मॉडेल, किती वेळ, कोणता सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारी पद्धत), आणि आलेख कशाविरुद्ध कशाचा, हे त्यात लिहितात. कोपासीतून हीही फाईल निघते. मॉडेल, सेड-एमएल, विदा आणि टिपणं हे सगळं एका झिपसारख्या पुडक्यात बांधायची सोयही आहे, त्याला कम्बाइन आर्काइव्ह म्हणतात.

हे जड वाटत असेल तर निदान एवढं करा: निबंधातल्या एका मुख्य आकृतीसाठी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये पाच ओळी लिहा. आकृती कितवी, किती वेळ चालवलं, कोणती पद्धत, कोणत्या किमती बदलल्या, आणि काय दिसलं पाहिजे. यादृच्छिक सिम्युलेशन असेल तर अल्गोरिदमचं नाव आणि सीड क्रमांकही. बायोमॉडेल्सचे क्युरेटर, म्हणजे आलेली मॉडेल्स तपासणारी माणसं, तुमची एखादी आकृती पुन्हा काढून बघतात. या पाच ओळी असतील तर त्यांचा वेळ वाचतो आणि तुमची ईमेलची ये-जा.

मग खरी परीक्षा. एसबीएमएल फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवा. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेलं टेल्युरियम पायथनमध्ये चालतं, ते घ्या. दोन्हीकडे तीच रेषा आली तर ठीक. वेगळी आली तर बहुतेक वेळा मॉडेलमधलं काहीतरी एका सॉफ्टवेअरने न सांगता गृहीत धरलेलं असतं. आणि त्यानंतर ज्याने हे मॉडेल कधी बघितलेलं नाही अशा माणसाला फाईल द्या. बाजूच्या लॅबमधला कुणीही चालेल, फक्त त्याने चालवताना तुम्ही तिथे उभं राहायचं नाही. तो फोन करून ‘यात हे काय आहे?’ विचारेल. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या टिपणात राहून गेलेली एक ओळ. माझ्या एका मॉडेलला असे अकरा फोन आले. त्यातला नववा होता, ‘हे मिनिटांत आहे ना?’

चौथी पायरी: ओळखपत्रं लावणे

तुमच्या मॉडेलमध्ये ‘लॅक-आय’ लिहिलंय. माणसाला कळतं, यंत्राला नाही. आणि एकाच प्रथिनाची निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळी रूपं असली की माणसालाही कळत नाही. म्हणून प्रत्येक घटकाला सार्वजनिक विदासंग्रहातला क्रमांक जोडतात. प्रथिनांना युनिप्रॉटचा: ई. कोलायच्या लॅक-आयचा पी०३०२३, टेट-आरचा पी०४४८३, लॅम्डा फाज या विषाणूच्या सी-वनचा पी०३०३४. लहान रेणूंना केबी या रसायनांच्या संग्रहाचा, क्रियांना जीन ऑन्टॉलॉजीचा, जिवाला टॅक्सॉनॉमीचा. मॉडेलवर किमान कोणती माहिती हवी याचे संकेत ‘मिरियम’ या नावाने २००५ सालीच ठरले आहेत.

क्रमांक जोडताना नातंही सांगावं लागतं. ‘हा घटक म्हणजेच ते प्रथिन’ वेगळं, ‘ते प्रथिन या घटकाचा एक भाग’ वेगळं, ‘हा त्याचा एक प्रकार’ वेगळं. फॉस्फेट लागलेलं प्रथिन, दोन प्रथिनांची जोडी, अशा ठिकाणी हा फरक कामाला येतो. संगणक खऱ्या अर्थाने शोधायला लागतो तो यामुळेच: क्रमांक लावलेल्या कुठल्याही मॉडेलमध्ये लॅक-आय असेल तर पी०३०२३ टाकल्यावर सगळी समोर येतात, नावं काहीही असोत.

क्रमांक लावायचं काम रटाळ आहे. एका दुपारी, चहा घेऊन, एकाच बैठकीत उरका. सगळं जमलं नाही तर प्रथिनं आणि जीव एवढं तरी लावा. बाकी क्युरेटर मदत करतात.

पाचवी पायरी: कुठे ठेवायचं

पर्याय पुष्कळ आहेत, पण निवडायला फार डोकं लागत नाही. एसबीएमएलमधलं मॉडेल असेल तर बायोमॉडेल्स. केंब्रिजजवळच्या हिन्क्स्टनमध्ये युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट आहे, तिथून २००५ पासून ती चालते. हृदयाच्या पेशीचं किंवा शरीरक्रियेचं मॉडेल सेल-एमएल या एसबीएमएलसारख्याच दुसऱ्या भाषेत असेल, तर ऑकलंडहून चालणारी फिजिओम मॉडेल रिपॉझिटरी. न्यूरॉन किंवा मेंदूतल्या जाळ्यांचं असेल, तर येल विद्यापीठात सुरू झालेलं मॉडेलडीबी. जिवाणूच्या पूर्ण चयापचयाचं अवाढव्य मॉडेल असेल, तर सॅन दिएगोचं बिग मॉडेल्स काय करतं ते बघा, आणि ‘मेमोटे’ ही अशा मॉडेल्सचा दर्जा तपासणारी चाचणी आधी चालवून घ्या.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगायला हवं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या गटाने पेशीतल्या संदेशवहनाच्या मॉडेल्सचा डॉक्स नावाचा संग्रह २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा केला. त्यात प्रत्येक क्रियेचा दर कुठून घेतला, हेही नोंदवलेलं असतं. पहिल्या पायरीतल्या त्या त्रासदायक रकान्याचं तोंड कसं असतं, ते बघायला तिथे एकदा जाऊन या.

कुठल्याच साच्यात न बसणारं काही असेल तर झेनोडो. सर्नने २०१३ साली सुरू केलेलं, कुठल्याही विषयासाठी खुलं, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा, आणि कायमचा डीओआय क्रमांक मिळतो.

‘मग गिटहब?’ हा प्रश्न येतोच. काम करायला उत्तम, जतन करायला नाही. तुम्ही उद्या रिपॉझिटरी उडवलीत, खासगी केलीत, की निबंधातली लिंक मेली. गिटहब झेनोडोला जोडा आणि गिटहबवर ‘रिलीज’ काढा, झेनोडो तो आपोआप उचलतो आणि डीओआय देतो. क्रम पाळा: आधी झेनोडोवर बटण चालू करायचं, मग रिलीज. आधीच काढून ठेवलेला रिलीज तो मागे जाऊन उचलत नाही. यावर लोकांची अख्खी संध्याकाळ जाते.

लॅबच्या ड्राइव्हची लिंक, प्राध्यापकांचं विद्यापीठातलं पान, निबंधासोबतची पीडीएफ: यांना रिपॉझिटरी म्हणू नका. प्रबंधाचंही तेच. तो शोधगंगेवर जातो हे चांगलंच, पण परिशिष्टातलं समीकरण पुन्हा टाइप करताना अधिकाचं उणं होतं.

सहावी पायरी: परवानगी आणि परवाना

हे काम अपलोडच्या दिवशी करायचं नसतं. महिनाभर आधी गाईडना आणि सहलेखकांना एक ईमेल टाका: ‘निबंधासोबत मॉडेल बायोमॉडेल्सवर ठेवतोय, हरकत असेल तर सांगा.’ तोंडी होकार पुरत नाही असा अनुभव आहे. आकडे दुसऱ्या लॅबच्या अप्रकाशित प्रयोगाचे असतील तर त्यांना वेगळं विचारा. रुग्णांची विदा असेल तर ती मॉडेलसोबत जाताच कामा नये. काढलेले पॅरामीटर ठेवा, माणसं नको.

बायोमॉडेल्सवरची मॉडेल्स सीसी-झीरोखाली जातात, म्हणजे कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरू शकतो. मुलं घाबरतात: ‘सर, कुणी आपलं चोरलं तर?’ क्रमांकासह, तारखेसह, तुमच्या नावाने सार्वजनिक ठेवलेली गोष्ट चोरणं कठीण असतं. ड्रॉवरमधली चोरली तर पत्ताही लागत नाही. मॉडेल वापरणारा तुमचा निबंध उद्धृत करतो, हा परवान्याचा नियम नसला तरी क्षेत्राचा रिवाज आहे. कोड वेगळा ठेवत असाल तर त्याला एमआयटीसारखा साधा परवाना लावा. परवानाच न लावलेला कोड कायद्याने कुणालाच वापरता येत नाही, तो दिसतो तेवढाच.

सातवी पायरी: सादर करणे

इथवर आलात तर हे अर्ध्या तासाचं काम. बायोमॉडेल्सवर खातं काढा, ‘सबमिट’ निवडा. मुख्य फाईल म्हणून एसबीएमएल, बाकी सगळं जादा फाईली म्हणून: सेड-एमएल, कोपासीची फाईल, मूळ कोड, तक्ता, ती पाच ओळींची टिपणं. मॉडेलला नाव द्यायची पद्धत ठरलेली आहे: पहिल्या लेखकाचं आडनाव, वर्ष, मग मॉडेल कशाचं आहे ते थोडक्यात. रेप्रेसिलेटरचं ‘एलोविट्झ २०००, रेप्रेसिलेटर’.

सादर केल्यावर ‘मॉडेल’ या शब्दाने सुरू होणारा एक क्रमांक लगेच मिळतो. निबंध रिव्ह्यूला असेपर्यंत मॉडेल खासगी राहतं, आणि रिव्ह्यूअरना ते दाखवायची सोय असते. हाच क्रमांक निबंधातल्या विदा-उपलब्धतेच्या परिच्छेदात टाका. ‘मागणी केल्यास’च्या जागी. म्हणून सादर करायची वेळ निबंध पाठवण्याच्या आधीची, स्वीकारल्यानंतरची नाही. रिव्ह्यूअरला मॉडेल चालवता आलं, तर तो तुमच्याशी निष्कर्षांवर भांडेल, पॅरामीटर शोधण्यावर नाही.

निबंध छापून आला की बायोमॉडेल्सला कळवा, मॉडेल सार्वजनिक होतं. पुढे क्युरेटर ते चालवतात, निबंधाशी पडताळतात, ओळखपत्रं नीट करतात. आकृती जुळली तर मॉडेल क्युरेटेड विभागात जातं आणि ‘बायोएमडी’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. याला वेळ लागतो, काही महिनेही. मधल्या काळात त्यांचा ईमेल आला तर त्याच आठवड्यात उत्तर द्या. तो ईमेल साधारण असा असतो: ‘आकृती ३ मधला शिखराचा उंचवटा आम्हाला कमी दिसतो, अमुक पॅरामीटर तपासाल का?’ याचा राग मानू नका. जगात तुमचं मॉडेल इतक्या बारकाईने वाचणारी दुसरी माणसं फारशी नाहीत. आणि तुमच्या निबंधातच छपाईची चूक निघाली, तर फाईलमध्ये बरोबर किंमत ठेवून टिपणात तसं लिहायचं, आणि नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवायची.

नंतर सुधारणा केलीत तर जुनी फाईल पुसू नका, नवी आवृत्ती चढवा. काय बदललं ते एका ओळीत लिहा, आकड्यासकट: ‘एमआरएनएचा ऱ्हासदर ०.५ होता, ०.३४७ केला.’ ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहू नका. झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक सामायिक डीओआय असतो. निबंधात त्या आवृत्तीचा द्या, लॅबच्या पानावर सामायिक.

नोंदीतला ईमेल पत्ता विद्यापीठाचा देऊ नका, पदवी मिळाली की तो बंद होतो.